आजोबांची पहिली रेकॉर्ड आणि लहानूमामांची झील

मीरा, कबीर, गेल्या रविवारी तुमचा बाबा फोनवर तुम्हाला आजोबांच्या पहिल्या रेकॉर्डची गोष्ट सांगत होता, तेव्हा मी इकडे पोळ्या लाटत ऐकत होते. "मुंबईचे एक साहेब जत्रेला आले, त्यांनी आजोबांचा आवाज ऐकला आणि तिथल्या तिथे रेकॉर्ड काढायचं ठरवलं." तुम्ही दोघं "वॉव" म्हणालात. मी गप्प बसले, कारण तव्यावर पोळी होती. पण कोणताही साहेब कोणत्याही जत्रेला आला नव्हता. आला असता तर त्याच्या चहापाण्याची आणि बसायची सोय मलाच करावी लागली असती, आणि ती माझ्या लक्षात राहिली असती.

त्यातच आमच्या महिला मंडळाच्या दिवाळी अंकासाठी 'माझी नोकरी' या विषयावर लेख मागितला आहे. त्यांची अपेक्षा अशी की मी शाळेतल्या इंग्रजी शिकवण्यावर लिहावं. त्यावर लिहिण्यासारखं फारसं नाही. काळ बदलले, मुलांच्या काळाच्या चुका तशाच राहिल्या. मी आयुष्यभर दुसरी एक नोकरी केली, बिनपगारी: तुमच्या आजोबांच्या गाण्याच्या पार्टीची व्यवस्था पाहण्याची. लेख तिच्यावरच लिहिते. एक प्रत अंकाला, एक तुम्हाला. बाबा म्हणतो तुम्हाला मराठी वाचता येतं. बघू.

आधी हा प्रकार काय ते समजून घ्या. खडी गंमत हा आमच्या पूर्व विदर्भातला गाण्यानाचण्याचा खेळ. खडी म्हणजे उभी. शाहीर उभा, ढोलकीवाला उभा, तुणतुणेवाला उभा. लुगडं नेसून नाचणारा पुरुष तर उभा असणारच. दिवाळीनंतर धान कापून झालं की गावोगाव मंडई भरते, म्हणजे एका दिवसाची जत्रा. तिथे भर दुपारी दोन पार्ट्या समोरासमोर उभ्या करतात. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातून जवाब द्यायचा. जो आधी थकला तो हरला.

शाहिराच्या पाठीशी झीलकरी असतो. शाहिराची ओळ संपली की झीलकरी तिचा शेवटचा शब्द उचलतो आणि "जी जी रं जी" करत लांबवत नेतो. तिला झील म्हणतात. मला लग्नानंतर बरेच दिवस वाटत होतं की ही सजावट आहे. तसं नाही. झील चालू असते तेवढ्यात शाहीर श्वास घेतो, पुढची ओळ आठवतो, आणि आठवली नाही तर नवी जुळवतो. समोरच्या पार्टीला नमवायचं तर झील जितकी लांब तितकी चांगली.

आमचे झीलकरी म्हणजे लहानूमामा, तुमच्या आजोबांचे सख्खे मामा. कुहीकडच्या खेड्यात त्यांची धानाची थोडी शेती होती. आजोबांचे वडील लवकर गेले, तेव्हा मामांनीच त्यांना वाढवलं आणि गायला शिकवलं. मामा त्यांना बापू म्हणत. उंच, हडकुळा माणूस, कायम तंबाखू, आणि आवाज असा की तळ्याच्या ह्या काठावरून हाक मारली तर त्या काठावरच्या म्हशी मान वळवत. गाताना ते डावा तळवा कानावर ठेवत आणि उजवा शाहिराच्या पाठीवर. झील संपत आली की तो हात हलकेच दाबायचे. मग आजोबांनी पुढची ओळ उचलायची. हे त्या दोघांचं इतकं मुरलेलं होतं की आजोबांना आपल्या पाठीवर हात असतो हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

मी या सगळ्यात कशी पडले? माझे वडील नागपूरला रेल्वेत क्लार्क होते. मुलगी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. त्यांनी मुलाची नोकरी विचारली: कोराडीचं वीजकेंद्र, कोळशाच्या विभागात, कायम. क्वार्टर विचारलं: मिळेल. व्यसन विचारलं: नाही. "मुलगा गातो का?" असं कोणी विचारत नाही, म्हणून कोणी सांगितलंही नाही. मला ते लग्नाच्या मांडवात कळलं, जेव्हा नवरदेवानेच गायला सुरुवात केली आणि मागून मामांनी झील दिली. माझी आई दचकून खुर्चीतून उठलीच.

लग्नानंतर मी पाहिलं की पार्टीच्या तारखा भिंतीवर कोळशाने लिहिलेल्या असत आणि दिवाळीला भिंत रंगवली की सगळ्या जात. मला हे सहन होण्यासारखं नव्हतं. बयाना घेणं, तारखा लावणं, शिफ्ट बदलून घ्यायला आठवण करणं, राख लागलेले सदरे धुऊन धोतरं वेगळी ठेवणं, हे सगळं माझ्याकडे आलं. गिऱ्हाईकंही एकेक. एका गावच्या पाटलांनी लग्नाला पार्टी बोलावली आणि आदल्या दिवशी निरोप धाडला, "मांडव बुटका झाला आहे, तर बसून करावं." मी उलट निरोप दिला की मांडव उंच करावा. त्यांनी केला. माणसाला नीट सांगितलं की कळतं, असं तेव्हा माझं मत होतं. पुढच्या प्रकरणाने ते मत बदललं.

आजोबांना रेकॉर्ड हवी होती. तसं ते तोंडाने कधी म्हणाले नाहीत. पण कॉलनीत कोणाकडे रेकॉर्डप्लेअर लागला की जेवता जेवता घास हातात धरून ऐकत बसायचे. एकदा म्हणाले, "मास्तरीणबाई, मंडईत गायलेलं गानं मंडईतच मरते वं. संध्याकाळी धूळ बसली का गानं बी बसलं." मला ते वाक्य पटलं. त्यांचं एक स्वतःचं गाणं होतं, वीजकेंद्रात राबणाऱ्या माणसाचं:

माह्या घामाचा उजेड गेला दूर शयराच्या घरी,
माह्या आईच्या चुलीपाशी अजून चिमणीच बरी.

हे गाणं धुळीबरोबर बसू नये, एवढंच मला वाटत होतं. म्हणून मी मागे लागले.

पहिला प्रयत्न रेडिओचा. रेडिओवर आलं की कंपन्या विचारतात, असं कोणीतरी सांगितलं होतं. मी अर्ज केला, चाचणीचा दिवस आला, आजोबा, मामा आणि ढोलकीवाला असे तिघं गेले, चौथी मी. आत स्वच्छ खोली, पांढरी गादी, आणि माइक गादीवर बसलेल्या माणसाच्या तोंडापुढे. अधिकारी अगदी सभ्य गृहस्थ. "बसा," म्हणाले. हे तिघं एकमेकांकडे बघत बसले. आजोबांनी पहिली ओळ घेतली आणि आवाज असा आला जणू कोणी पोत्याखालून गातंय. दुसऱ्या ओळीला ते सवयीने उठले. मामा उठले. ढोलकीवाला उठला. माइक खाली राहिला.

"शाहीर, कृपया बसून," काचेपलीकडून आवाज आला.

बसले. दोन ओळींनी पुन्हा उठले. असं तीनदा झालं. शेवटी मामा काचेकडे तोंड करून म्हणाले, "साहेब, तुम्हीच उभे राहा ना गा. मंग समद्याइचं जमते."

पुढे टपालाने नकार आला, इंग्रजीत, एका ओळीचा. मी वर्षानुवर्षं मुलांना सारांशलेखन शिकवलं, पण इतका नेमका नमुना मला वर्गात कधी मिळाला नाही.

दुसरा प्रयत्न सीताबर्डीवरच्या एका शेठजींमार्फत. त्यांचं रेडिओ आणि रेकॉर्डचं दुकान होतं आणि मुंबईच्या एका कंपनीचा माल ते विकत. त्यांनी अट घातली, "भाभीजी, पहले टेप लाओ. कंपनीवाले बिना सुने हाथ नहीं लगाते." टेपरेकॉर्डर मिळवला. घरी रेकॉर्डिंग करायचं तर क्वार्टरच्या मागून कोळशाच्या वॅगनींचा खडखडाट. म्हणून रविवारी मी माझ्या शाळेचा वर्ग उघडून घेतला. बाकं बाजूला सारली, माइक उंच स्टूलवर ठेवला, तिघांना उभं केलं, आणि बजावलं की एकदा बटण दाबलं की मध्ये काही बोलायचं नाही.

गाणं सुंदर चाललं होतं. दुसरं कडवं संपतंय, तोच आमच्या शाळेचा शिपाई वासुदेव चहाचा ट्रे घेऊन आत आला आणि पावलं न वाजवता टेबलावर ठेवून उभा राहिला. आता मंडईत पद्धत अशी की गाणं चालू असताना कोणी बक्षीस दिलं तर शाहिराने तिथेच गाणं थांबवून त्याचं नाव गाण्यातून घ्यायचं. नाव घेतलं नाही तर देणाऱ्याचा अपमान. आजोबांनी ट्रे पाहिला, हात कपाळाला लावला, आणि सुरात म्हणाले:

"शाळेचे शिपाई वासुदेवजी, त्यायनं चहाचा दिला मान, शाहीर मानतो आभारऽऽ"

"आभाऽऽर जी जी रं जी," मामा.

वासुदेव तर हरखूनच गेला. मी मात्र खडू फेकून मारायच्या बेतात होते.

"हे काय केलंत?"

"मंग? मानूस चहा घेऊन उभा आहे आन् मी त्याच्याकडं पाठ करू?"

"अहो, ते टेपवर गेलं ना!"

"जाऊ दे ना. त्याचं नाव बी मुंबईले जाईन."

पुन्हा करायचं तर मामांची कुहीची शेवटची बस जात होती. टेप तशीच गेली, चहासकट. मी आशा सोडली.

आणि कंपनीचं उत्तर आलं की आवाज पसंत आहे. त्यांचा माणूस मशीन घेऊन नागपूरला येणार, एक हॉल भाड्याने घेऊन इथल्या चार-पाच गायकांचं एकाच दिवसात ध्वनिमुद्रण करणार. खाली अटी होत्या: गाणं साडेतीन मिनिटांत बसवा, तबकडीच्या एका बाजूला तेवढंच मावतं. वाजवणारे कंपनीचे. कोरसला दोन मुली कंपनीच्या. मागे ओरडणारे वृद्ध गृहस्थ नकोत.

मी पेढे आणले. आजोबा पेढा हातात घेऊन तसेच बसले.

"मामा नाही त मी नाही," म्हणाले.

इथे तुम्हाला वाटेल की मी भारावून गेले असेन. मी भयंकर चिडले. इतकी वर्षं ज्या दारापाशी धडपडलो ते दार उघडलं, आणि हे उंबऱ्यावर बसून राहणार. मी म्हटलं, मंडईत मामाच असतील की, एक रेकॉर्ड त्यांच्याशिवाय झाली तर काय बिघडलं? मामांना सांगू, ते समजून घेतील. तेव्हा माझं म्हणणं बरोबर होतं आणि आजही मला तसंच वाटतं.

"तू समजते तसं नाही वं," ते म्हणाले. "मी मामासाठी अडून नाही राहिलो. मले मामाबिगर पुढची ओळच येत नाही."

"सवय करा."

"कर मंग. तू दे झील."

मी दिली. हो, स्वयंपाकघरात, हातात पळी घेऊन. आजोबांनी ओळ घेतली, मी मागून "जी जी रं जी" म्हटलं, वर्गात हजेरी घेते त्या आवाजात. आजोबा ओट्याला टेकून खाली बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग मी दोन विद्यार्थिनी बोलावल्या. त्या सुरात होत्या, पण ओळ संपली की आजोबा थांबून मागे वळून बघायचे, जणू कोणी यायचं राहिलं आहे. आठवडाभर हा तमाशा चालला. शेवटी ते जायला तयार झाले ते मी बोलणं बंद केलं म्हणून. मामांना मात्र काही कळवायचं नाही, असं ठरलं.

मुद्रणाच्या दिवशी सकाळी आम्ही हॉलवर पोचलो, तर व्हरांड्यात लहानूमामा. डोक्याला नवा फेटा, हातात टाळ. पार्टीच्या ढोलकीवाल्याने गावात सांगितलं होतं.

"मामा, तुमी कशे?" आजोबांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला.

"बोलावलं नाही ते मालूम आहे मले," मामा म्हणाले. "मी आयकाले आलो. आयकाले त बंदी नाही ना, सूनबाई?"

मी नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

आत दिघे नावाचे मुंबईचे साहेब मशीनपाशी बसले होते. शिष्ट नव्हते, पण घाईत होते. आजोबा उभे राहिले. पहिली ओळ फार छान आली. कोरसच्या मुलींनी ती गोड आवाजात परत म्हटली. आणि आजोबा गप्प. वादक पुढे गेले, आजोबा मागे. दिघ्यांनी थांबवलं. पुन्हा. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी आजोबांनी पुढची ओळ घेतली खरी, पण ती तिसऱ्या कडव्यातली.

"वहिनी, हे काय चाललंय?" दिघे मला म्हणाले. "टेपवर तर झकास गात होते. पाठ नाही का गाणं?"

"त्यांचंच आहे. त्यांनीच रचलंय."

"मग?"

मग मला सगळं सांगावं लागलं: झील, श्वास, आणि पाठीवरचा हात. मी सांगत होते आणि स्वतःवरच वैतागत होते, कारण आठवडाभर मीच ह्याच्या विरुद्ध भांडले होते. दिघ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पुढचा गायक, ऑर्केस्ट्रात गाणारा सफारी सूटमधला तरुण, दारात येऊन उभा होता. "बोलवा त्या आजोबांना," दिघे म्हणाले. "दोन वेळा करून बघतो. नाही जमलं तर माफ करा, मला पुढे जावं लागेल."

मामा आत आले, पाठीवर हात ठेवला, आणि पहिल्या झीलला दिघ्यांनी कानावरचं यंत्र काढून फेकलं. मशीनचा काटा पार टोकाला गेला होता. मामांना चार पावलं मागे नेलं, मग भिंतीपाशी, मग दाराबाहेर व्हरांड्यात. दार अर्धवट उघडं ठेवलं, तेव्हा कुठे काटा शांत झाला. पण आता पाठीवर हात कोणाचा?

"मास्तरीणबाई," आजोबा म्हणाले, "तू उभी राय."

मी चपला काढून त्यांच्या मागे उभी राहिले. दारातून मला मामा दिसत होते. त्यांनी उजवा हात हवेत धरला होता, आणि तो दाबल्यासारखा हलला की मी आजोबांच्या पाठीवर दाबायचं. एकदा केलं. चूक झाली नाही. पण गाणं दोन कडव्यांतच साडेतीन मिनिटांच्या पार गेलं, कारण मामांनी मंडईतली झील दिली होती, पूर्ण लांबीची.

मी व्हरांड्यात गेले. "मामा, झील आखूड करा."

"सूनबाई, झील का लुगडं आहे का वं, फाडून लहान कराले?"

"तबकडीत मावत नाही."

"मंग तबकडी मोठी घ्या."

"मामा, इथे समोर दुसरी पार्टी नाही. कोणाला हरवायचं नाही."

मामांनी माझ्याकडे खरोखर कीव केल्यासारखं पाहिलं. "समोर कोनी नाही त गाऊ कायले?"

तेव्हा मला कळलं की ह्या माणसाला समजावून काही उपयोग नाही. त्याला समोर पार्टी पाहिजे. मी दारातल्या सफारी सूटकडे बोट दाखवलं. "आहे ना. तो बघा. तो पूर्ण गाणं, चारही कडवी, साडेतीन मिनिटांत संपवतो. इथे लांबीची मंडई नाही, मामा. जो आखूडात पूर्ण करेल तो जिंकला."

यात एक शब्द खोटा नव्हता. त्या तरुणाला मात्र आपण लढतीत उतरलो आहोत हे माहीत नव्हतं. तो कंगव्याने भांग पाडत होता.

मामांनी त्याला खालून वरपर्यंत पाहिलं. तंबाखू थुंकली. "हा? हा पोट्टा?"

"हाच."

"बापूले सांग, तयार राय म्हना."

दुसऱ्या वेळी मामांनी अशा झिली दिल्या जशा मी आधी किंवा नंतर कधी ऐकल्या नाहीत. प्रत्येक झील सुरू झाली की वाटायचं आता लांब जाणार, आणि ती एकदम, झटक्यात, पूर्ण होऊन थांबायची. हात हलायचा, मी दाबायचे, आजोबा उचलायचे. त्यांच्या पाठीला घाम सुटला होता आणि माझा तळवा भिजला होता. चारही कडवी झाली. दिघ्यांनी हात वर केला आणि आम्ही सगळे श्वास रोखून उभे राहिलो, मशीन थांबेपर्यंत.

"बसलं," दिघे म्हणाले.

व्हरांड्यातून मामांचा आवाज आला, "त्या पोट्ट्याले इचार, अजून दम आहे का?"

रेकॉर्ड आली तेव्हा तिच्यावर आजोबांचं नाव आणि खाली 'आणि साथी' असं छापलं होतं. मी कुहीला जाऊन मामांना ते वाचून दाखवलं, जरा भीतभीतच. त्यांनी तबकडीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "साथी म्हंजे मीच ना?" मी म्हटलं, तुम्हीच. त्यांचं समाधान झालं, माझं झालं नाही. मी कंपनीला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही.

पुढे आणखी रेकॉर्डी निघाल्या, कॅसेटी निघाल्या, त्यांत बऱ्याचदा कंपनीचे कोरस होते, कारण मामांचा दम्याचा त्रास वाढला होता. आजोबा हळूहळू शिकले त्यांच्याशिवाय गायला. तसं शिकता येतं, हे माझं म्हणणं खरं ठरलं. पण त्या गाण्यांत ते कुठेही नवी ओळ जुळवत नाहीत. ठरलेलं गातात आणि संपवतात. हे मला फार उशिरा ऐकू आलं.

मंडईत खेळाआधी भोंग्यावर ती पहिली रेकॉर्ड लावायची पद्धत पडली. मामा तेव्हा भोंग्याखाली जाऊन उभे राहायचे, आणि रेकॉर्डमधली झील थांबली की दमा असूनही स्वतः पुढे ओढायचे, दुप्पट. लोक टाळ्या वाजवायचे. मामा भोंग्याकडे बोट करून म्हणायचे, "पायलं? हरला."

मामा गेले, आजोबा गेले, दिघ्यांची कंपनी बंद पडली असं ऐकते. मंडया अजून भरतात, पार्ट्या अजून समोरासमोर उभ्या राहतात. मामांचा नातू झील देतो, बरी देतो. त्या पहिल्या रेकॉर्डची एक तबकडी माझ्याकडे आहे. तिच्या मागच्या बाजूला चरा गेला आहे. आमच्या त्या गाण्याची बाजू नीट वाजते, आणि दुसऱ्या कडव्यानंतर मामा सगळ्यात स्पष्ट ऐकू येतात.